अण्णांचं वाफेचं मशीन: दीड वर्ष वापरल्यावर, मुख्यतः वाटीबद्दल

अण्णांच्या वाफेच्या मशीनला या पोळ्याला दीड वर्ष झालं. रोज दोन वेळा, आजारपणात चार वेळा, असं ते चाललंय. आमच्या अंबड तालुक्यात आता कितीतरी घरांत हे मशीन दिसतं. लेकराला दमा, म्हाताऱ्याला खोकला, की डॉक्टर चिठ्ठीवर ‘नेब्युलायझर’ लिहून देतात आणि माणूस मेडिकलमधून डबा उचलून घरी येतो. मीही तसाच आणला. घेताना जे कुणी सांगितलं नाही ते समजायला मला नऊ महिने लागले आणि अण्णांना दोनदा दवाखान्यात भरती व्हावं लागलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कंपनीचं नाव देत नाही. मशीनचं नाव सांगून उपयोगही नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते नंतर मी बघितलेल्या चार-पाच मशीनना सारखंच लागू होतं.

आधी अण्णांबद्दल थोडं. वय ७१. साधारण १९९० च्या सुमारास त्यांना क्षयरोग झाला होता. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, बरे झाले, वीस-बावीस वर्षं दोन एकर मोसंबी एकट्यानं सांभाळली. २०१२ च्या दुष्काळात आमच्या शिवारात बागाच्या बागा वाळल्या, सरपण झाल्या. अण्णांनी टँकर घालून आमची अर्धी बाग वाचवली. त्यानंतर कधीतरी खोकला सुरू झाला आणि तो गेलाच नाही. सकाळी अर्धी वाटी कफ पडायचा. गावात लोक म्हणायचे, टीबी परत आला. तीनदा बेडका तपासला, तिन्ही वेळा टीबी नाही. शेवटी संभाजीनगरला छातीचा सीटी स्कॅन झाला तेव्हा नाव कळलं, ब्राँकिएक्टॅसिस. जुन्या टीबीनं फुफ्फुसातल्या श्वासनळ्यांच्या भिंती खराब होऊन त्या कायमच्या सैल आणि रुंद झालेल्या. डॉक्टर म्हणाले, आपल्या देशात हे फार दिसतं. २०१९ साली भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २,१९५ रुग्णांची माहिती छापून आली, त्यात एक तृतीयांशाहून जास्त लोकांना हा आजार जुन्या टीबीमुळेच झालेला होता.

आता मशीन. माझं कॉम्प्रेसरवालं आहे, १,८५० रुपयांना मिळालं. मोटार हवा दाबून नळीतून पाठवते. नळीच्या टोकाला औषधाची वाटी. वाटीच्या तळाला बारीक भोक, त्यातून हवा जोरात सुटली की औषध वर ओढलं जातं, आतल्या टोपडीवर आपटतं आणि त्याचं धुकं होतं. आपण वाफ म्हणतो खरं, पण ती गरम वाफ नसते, थंड फवारा असतो. थेंब १ ते ५ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असले तरच ते खोल नळ्यांपर्यंत पोचतात. त्याहून मोठे घशातच बसतात.

मशीन म्हणून तक्रार नाही. आमच्या छोट्या इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालतं, आणि रात्री लाईट जाणाऱ्या गावात हे फार महत्त्वाचं आहे. तीन मिली औषध दहा मिनिटांत संपतं. आवाज मोठा आहे, शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस उठतं. हवेचा फिल्टर म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान स्पंजाचा तुकडा, तो सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत पंधरा दिवसांत काळा पडतो. बदलायला सोपा. सोबत मोठ्यांचा मास्क, लहान मुलांचा मास्क, तोंडात धरायची नळी, सगळं येतं. एवढं ठीक.

सोबतचं माहितीपत्रक मात्र इंग्रजीत, बारीक अक्षरात. स्वच्छतेबद्दल दोन ओळी: वापरानंतर नळाच्या पाण्यानं विसळा आणि पिशवीत ठेवा. दुकानदारानं तेच तोंडी सांगितलं. “खळबळून घ्यायचं, झालं.” महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये बुडवा, असंही सांगितलं. आम्ही दोन्ही केलं. माझी बायको सविता रोज वाटी विसळायची, फडक्यानं बाहेरून पुसायची आणि मशीनसोबत आलेल्या झिपच्या पिशवीत घालून ठेवायची. धूळ लागू नये म्हणून. फार काळजीनं ठेवायची.

पहिले तीन-चार महिने अण्णांना बरं वाटलं. पावसाळ्यात एकदा ताप आला, कफ पिवळा झाला, गोळ्यांनी उतरला. दिवाळीआधी परत. या वेळी कफाला हिरवट रंग आणि एक गोडसर वास. बेडक्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. रिपोर्टवर औषधांची यादी असते, कुठलं औषध लागू पडतं त्याच्यासमोर ‘एस’ लिहिलेलं. आमच्या रिपोर्टवर सात-आठ औषधांसमोर ‘एस’ होतं. मला वाटलं, सुटलो. त्यातलंच औषध दिलं. ताप गेला, आठ दिवस बरं, मग परत तोच हिरवा कफ. परत तपासलं, तोच जंतू, परत ‘एस’.

मला राग आला होता, औषध लागू पडतं असं कागद म्हणतो आणि माणूस बरा होत नाही. डॉक्टरांना तसं तोंडावर म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, पुढच्या वेळी येताना वाफेचं मशीन घेऊन या.

नेलं. त्यांनी मशीनकडे बघितलंही नाही. पिशवीतून वाटी काढली, पिळून उघडली, आतली टोपडी नखानं उचलली आणि तिच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं. मग ते बोट माझ्यासमोर धरलं. बोटावर पारदर्शक, किंचित पिवळट बुळबुळ. साबणाचं पाणी असावं तशी, पण चिकट.

“याला तुम्ही काय म्हणता?”

“शेवाळ,” मी म्हणालो.

“शेवाळाला ऊन लागतं. हे पिशवीत होतं.”

मग त्यांनी विचारलं, शेती करता ना, ठिबक आहे का. मी म्हणालो, नुसतं आहे असं नाही, दहा वर्षं मी तालुक्यात ठिबक बसवून देतो, बागेशिवाय माझा तोच धंदा आहे. ते म्हणाले, मग मला तुम्हाला फारसं सांगावं लागणार नाही. नळ्यांत बुळबुळ झाली की काय करता?

इथे ठिबकवाल्यांसाठी नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. ठिबकच्या नळ्या दोन गोष्टींनी बंद पडतात. एक म्हणजे क्षार. आमच्या विहिरींचं पाणी जड, त्यामुळे ड्रिपरच्या, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, तोंडाशी पांढरा थर जमतो. त्याला ॲसिड. दुसरी गोष्ट म्हणजे जंतूंची साय. शेततळ्याचं किंवा साठवणीचं पाणी असलं की नळीच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो, त्यावर माती चिकटते, आणि ड्रिपरमधली नागमोडी वाट, जी मुळातच मोहरीच्या दाण्याएवढी, ती बुजून जाते. त्याला क्लोरीन, म्हणजे ब्लीचिंगचं पाणी. (ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र कधीच सोडायचं नाही, विषारी वायू होतो. हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला दोनदा सांगतो.) नवीन शेतकरी काय करतो, ब्लीचिंग सोडतो आणि लगेच पाणी चालू करतो. दोन दिवस ड्रिपर सुटल्यासारखे वाटतात, आठवड्यात परत बंद. कारण वरचा थर मेला, आतला जिवंत राहिला आणि मेलेला थरही नळीतच पडून राहिला. खरी पद्धत म्हणजे पाणी नळीत रात्रभर कोंडून ठेवायचं आणि सकाळी शेवटची टोपणं काढून नळ्या जोरात वाहू द्यायच्या. फ्लशिंग. टोपण काढल्यावर पहिली पाच मिनिटं जो काळा, लोंबणारा गाळ बाहेर पडतो तो बघितल्यावर माणूस परत कधी फ्लशिंग चुकवत नाही.

मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या वडिलांच्या छातीत हेच आहे, आणि कागदावरचं ‘एस’ का खोटं ठरलं त्याचं उत्तरही तुम्हीच आत्ता दिलंत.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. घरी लेकीनं त्यात भर घातली, ती संभाजीनगरला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतेय. आपल्या श्वासनळ्यांना आतून बारीक केस असतात, ते सतत कफाला वर ढकलत असतात. अण्णांच्या नळ्या रुंद आणि सैल झाल्यात, तिथे ते केस राहिलेले नाहीत. कफ वाहत नाही, डोहासारखा साचतो. स्यूडोमोनास हा पाण्यात पोहणारा जंतू, त्याला शेपटी असते. तो या साचलेल्या कफात शिरतो आणि थांबायला जागा मिळाली की पोहणं सोडून देतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असा पुंजका होतो. पुंजक्यातले जंतू रसायनं सोडून एकमेकांचा अंदाज घेत असतात. ती रसायनं पुरेशी साठली, म्हणजे आपण आता पुष्कळ झालो असं त्यांना ‘कळलं’, की ते एकदम वागणं बदलतात आणि भोवती चिकट पदार्थ जोरात ओतायला लागतात. त्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात, आणि मेलेल्या पेशींमधून सांडलेला डीएनए असतो. तो डीएनए जंतूंचा असतो तसाच आपल्या मेलेल्या पांढऱ्या पेशींचाही असतो. म्हणजे आपण लढायला पाठवलेल्या शिपायांची प्रेतंसुद्धा त्यांच्या तटबंदीत चिणली जातात. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

या सायीला बायोफिल्म म्हणतात, आमच्या लेकीच्या मराठी टिपणात जैवपटल लिहिलंय.

आत बसलेले जंतू मरत का नाहीत याला एक कारण नाही, बरीच आहेत, आणि ती एकमेकांना मदत करतात. काही अँटिबायोटिक्सवर धन भार असतो, टोब्रामायसिनसारख्या. ती त्या चिकट सायीच्या ऋण भाराला चिकटून वाटेतच अडकतात. पुंजक्याच्या गाभ्यात ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तिथले जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि बरीचशी औषधं वाढणाऱ्या जंतूवरच घाव घालतात. काही मोजके तर पूर्णच निद्रिस्त. औषध संपलं की ते उठतात आणि वस्ती परत उभी राहते. लेकीनं सांगितलं की पटलातल्या जंतूला मारायला कधी कधी सुट्या जंतूच्या हजारपट औषध लागतं. प्रयोगशाळेत जो ‘एस’ येतो तो सुट्या, पोहणाऱ्या, पोटभर खाल्लेल्या जंतूवरचा असतो. कागद खोटं बोलत नव्हता, तो वेगळ्याच अवस्थेतल्या जंतूबद्दल बोलत होता. ताप उतरायचा कारण सुटे जंतू मरायचे. ताप परत यायचा कारण पुंजक्यातून नवे सुटायचे.

डॉक्टरांनी माझी एक चूक मात्र दुरुस्त केली. ठिबकच्या नळीत साय भिंतीला चिकटलेली असते. फुफ्फुसात ती बहुतेक वेळा भिंतीला चिकटत नाही, कफाच्या आतच गोळ्यांसारखी तरंगते. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये नील्स हॉयबी नावाच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या (जन्मजात आजार, यात फुफ्फुसात घट्ट कफ साचतो) रुग्णांच्या कफात सूक्ष्मदर्शकाखाली असेच गोळे बघितले होते. मला ही दुरुस्ती आशेची वाटली. भिंतीला चिकटलेलं खरवडता येणार नाही, पण कफात तरंगणारं कफाबरोबर बाहेर काढता येईल.

आता वाटीकडे परत येतो, कारण परीक्षण तिचं आहे.

वाटीतल्या बुळबुळीतूनच अण्णांना स्यूडोमोनास झाला, असं मी म्हणणार नाही. वाटीचं कल्चर केलं नव्हतं, आणि हा जंतू ओल्या जागी सगळीकडे असतो. मोरी, टाकी, नळाचं तोंड. आमच्याकडे पाणी पाच-सहा दिवसांनी येतं, टाकीत साठवतो, टाकीच्या आतून हात फिरवला तर तीच बुळबुळ. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मराठवाड्यात वाहतं ताजं पाणी वापरायची चैन फार थोड्या घरांना आहे. अशा साठवणीच्या पाण्यानं विसळलेली, न सुकवलेली, बंद पिशवीत ठेवलेली वाटी, आणि तिच्यातून सकाळ-संध्याकाळ खोल फुफ्फुसात जाणारं धुकं. धोका कळायला कल्चरची गरज नव्हती. प्रत्येक वेळी वाटीत थोडं औषध उरतंच, अर्धा-एक मिली, ते या यंत्राच्या रचनेतच आहे. ते उरलेलं औषध आणि ओल, दोन्ही आम्ही जपून बंद करून ठेवत होतो.

व्हिनेगरचं विचारलं तर डॉक्टर नाही म्हणाले, त्यावर भरवसा ठेवू नका. यावर लेकीनं एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. १६८० च्या दशकात हॉलंडमधल्या लेव्हेनहुक नावाच्या माणसानं स्वतःच्या दातांवरची कीट खरवडून भिंगाखाली बघितली, त्यात हलणारे बारीक जीव दिसले. त्यानं त्यावर व्हिनेगर वापरून बघितलं, तर बाहेरचे मेले, कीटीच्या आतले जिवंत राहिले. जवळपास साडेतीनशे वर्षांपूर्वी जे लिहून ठेवलंय त्याच व्हिनेगरमध्ये आम्ही वाटी बुडवत होतो.

जुनी वाटी उकळायची म्हटली तर ती उकळता येत नव्हती. हे मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. एकदा उकळल्यावर ती वाकली, झाकण बसेना. मग मी संभाजीनगरला औरंगपुऱ्यात चार दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानात एकच मागणी केली, की मशीन नको, वाटी दाखवा, आणि माझ्यासमोर पूर्ण उघडून दाखवा. दोन दुकानदारांना टोपडी निघते हेच माहीत नव्हतं. तिसऱ्याकडे एक पांढरी, जाडसर वाटी मिळाली. तिच्या डब्यावर उकळता येते असं स्पष्ट छापलेलं. तीन तुकडे पूर्ण सुटे होतात, आत कुठेही अशी खाच नाही की जिथे बोट किंवा मऊ ब्रश पोचत नाही. ४२० रुपये. मूळ मशीनसोबतची वाटी सुटी घेतली तर दीडशेला मिळते. माझ्या मते या ४२० रुपयांना मशीनच्या १,८५० पेक्षा जास्त किंमत आहे. मी अशा दोन घेतल्या, म्हणजे एक सुकत असताना दुसरी हाताशी.

आमची आताची पद्धत अशी. वाफ झाली की लगेच, औषध वाळायच्या आत, वाटी तीन तुकड्यांत उघडून भांड्याच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं धुवायची. साबण महत्त्वाचा, नुसतं विसळणं म्हणजे ठिबकमध्ये टोपण न काढता पाणी सोडणं. दिवसातून एकदा वेगळ्या पातेल्यात पाच मिनिटं खळखळ उकळायची. उकळल्यावर टाकीच्या पाण्यानं परत धुवायची नाही, नाहीतर सगळं पाण्यात. चिमट्यानं काढून स्वच्छ, कोरड्या फडक्यावर पालथी ठेवायची. आणि सुकू द्यायची, पूर्ण, आतून. पावसाळ्यात याला वेळ लागतो, म्हणून दोन वाट्या. झिपची पिशवी मायनं शिवणाच्या दोऱ्यांसाठी घेतली.

रबरी नळी धुवायची नाही. वाफ संपल्यावर वाटी काढून मशीन मिनिटभर नुसतं चालू ठेवलं की नळीतली ओल उडून जाते. नळीत डाग दिसला की बदलायची. मास्क बंद केला, अण्णा तोंडात धरायची नळी वापरतात. ती वाटीबरोबर उकळता येते आणि औषध नाकात अडकत नाही. दम जास्त लागला तर मास्क लागतोच, तेव्हा तो साबणानं धुऊन सुकवतो. वाटी सहा महिन्यांनी बदलली.

जाळीच्या मशीनबद्दल लोक विचारतात. माझ्या आत्याच्या मुलानं बीडला तसलं घेतलं. हातात मावतं, आवाज अजिबात नाही, बॅटरीवर चालतं, महाग आहे. त्यात धातूच्या पातळ चकतीला सूक्ष्म भोकं असतात, चकती थरथरते आणि औषध त्यातून गाळून धुकं होतं. प्रवासाला ते उत्तम. पण ठिबकवाल्याच्या नजरेला मला ते पटत नाही. जितकं भोक बारीक तितकं ते बुजणार, आणि चकतीला ब्रश लावता येत नाही. त्याची चकती आठ महिन्यांत मंद पडली. रोज वापरायला आणि खारट पाण्याची वाफ द्यायला मी कॉम्प्रेसरवालंच घेईन.

खारट पाणी म्हणजे ३ टक्के मिठाचं, निर्जंतुक, बंद कुप्यांत मिळणारं. घरी करायचं नाही. त्याने कफ पातळ होतो. डॉक्टरांनी क्रम बांधून दिला आणि तो ऐकताच मला पटला. आधी नळ्या उघडणारं औषध, सालब्युटॅमॉल. मग खारट पाण्याची वाफ. मग कफ काढायचे व्यायाम. आणि सगळ्यात शेवटी अँटिबायोटिकची वाफ. आधी फ्लशिंग, मग औषध. गाळ भरलेल्या नळीत औषध ओतून काय होणार?

व्यायाम फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवले. खोल श्वास, धरून ठेवणं, मग आरशावर वाफ धरतो तसा हा... करून श्वास सोडणं. खोकून दमायचं नाही. सोबत एक छोटं उपकरण दिलं, त्यात फुंकलं की आतला स्टीलचा गोळा उडतो, आणि फुंकलेली हवा छातीत थरथरते. अण्णांनी सुरुवातीला हात झटकला. “लेकरांची पिपाणी मला कशाला रे?” तिसऱ्या दिवशी त्यांच्या छातीतून असा घट्ट, हिरवा गोळा निघाला की त्यांनी स्वतःच मला हाक मारून वाटीत दाखवला. मी ठिबकचं टोपण काढून गाळ बघणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा अनेकदा पाहिलाय. अण्णांचा तसाच झाला होता. तेव्हापासून ती पिपाणी ते चुकवत नाहीत. तीही उघडून धुवावी लागते. तिच्याही आत ओल राहते.

अँटिबायोटिक दोन आठवडे गोळ्यांतून आणि मग तीन महिने वाफेतून दिलं. वाफेतून दिलं की औषध रक्तातून फिरून येण्याऐवजी थेट कफावर पडतं, तिथे त्याचं प्रमाण खूप जास्त मिळतं. पहिला डोस डॉक्टरांनी स्वतःसमोर दवाखान्यात दिला, कारण काहींची छाती त्याने आवळते. घरी ती वाफ देताना खिडकी उघडी, आणि नातवंडं दुसऱ्या खोलीत. हे औषध स्वतःहून कुणी सुरू करू नये. मी फक्त आमचं झालं ते सांगतोय.

हे फक्त अण्णांच्या जंतूचं नाही. बहिणीच्या पोराचा कान दर थंडीत वाहतो, अँटिबायोटिक दिलं की थांबतो, परत वाहतो. लेकीनं सांगितलं की न्युमोकॉकस आणि हिमोफिलस हे जंतूसुद्धा नाकामागे आणि मधल्या कानात असंच पटल धरतात. २००६ साली अमेरिकेत मधल्या कानाचं दुखणं सतत होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानातलं अस्तर तपासलं तर बहुतेकांच्या नमुन्यांत ते दिसलं होतं. दवाखान्यात व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या घशात जी नळी असते तिच्या आतही हे होतं. म्हणजे जिथे नळी, जिथे ओल, तिथे हे आलंच.

तीन महिन्यांनंतरच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास नव्हता. सहा महिन्यांनंतरही नव्हता. डॉक्टर म्हणाले, गेला असं समजू नका, दिसला नाही असं समजा, आणि दर तीन महिन्यांनी कफ तपासत राहू. अण्णा आता सकाळी बागेच्या पहिल्या चार ओळींपर्यंत चालतात. आंबे बहाराची फळं मोजतात. गेल्या वर्षी दिवाळीत ते ओट्यापर्यंतही येत नव्हते. यातलं किती वाटीचं, किती औषधाचं, किती त्या पिपाणीचं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही.

मशीनला पाचपैकी चार देईन. एक कापला तो पत्रकाच्या त्या दोन ओळींसाठी. सोबत आलेल्या मूळ वाटीला एकही नाही.

परवा वडीगोद्रीच्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला. ठिबकचं बिल द्यायचं राहिलं होतं म्हणून, पण बोलता बोलता म्हणाले की आईला डॉक्टरांनी वाफेचं मशीन लिहून दिलंय, दुकानात उभा आहे, दोन कंपन्या दाखवतायत, भाऊ, कुठलं घेऊ? मी म्हणालो, किंमत राहू द्या. दोन्हींच्या वाट्या उघडायला सांगा आणि आतून फोटो पाठवा. पाच मिनिटांनी फोटो आला, एकच. खाली लिहिलं होतं, दुसरी ह्यांच्याकडून उघडत नाही.